डोंगरातला पदार्थ विकायचाय? आधी विचारा, तो पावसाळा काढतो का?



चॅनेलवर एक प्रश्न वारंवार येतो. शब्द वेगळे असतात, प्रश्न तोच. "सर, आमचं गाव डोंगरात आहे. इथे कारखाना नाही, बाजारपेठ नाही. आमच्याकडे आहे काय? नागली, हुलगा, करवंदं, रानभाज्या. याच्यावर धंदा होतो का?"

होतो. पण "आमच्याकडे सगळं शुद्ध, गावरान, डोंगरातलं आहे" एवढ्यावर होत नाही. डोंगरातला कुठला पदार्थ कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवायचा आणि कुठल्या पदार्थासाठी गिऱ्हाइकालाच डोंगरावर बोलवायचं, हे आधी ठरवावं लागतं. इथे गडबड झाली की माल चांगला असूनही पैसे अडकतात. आणि हे ठरवायचा सगळ्यात सोपा नियम आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच घालून दिलाय. तो नियम आज सह्याद्रीतल्या खऱ्या पदार्थांवर लावून बघू. वही-पेन घेऊन बसा, मधे हिशेबसुद्धा आहे.

डोंगरातलं स्वयंपाकघर चार महिन्यांच्या भीतीतून घडलंय

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कसा पडतो हे कोकण-घाटातल्या माणसाला सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वी रस्ते नव्हते, ओढ्यांवर पूल नव्हते. एकदा पाऊस लागला की वाडीचा बाजाराशी संबंध तुटायचा. घरात जे असेल तेच खायचं.

म्हणून उन्हाळ्यात बेगमी करायची. कोकणात याला 'आगोट' म्हणतात. पावसाळ्याआधी मीठ, मिरची, डाळी, तांदूळ, सुकी मासळी, लोणची, पापड, आमसुलं, सगळं भरून ठेवायचं. कडधान्याला राख चोळायची म्हणजे कीड लागत नाही. धान्य कणगीत, बाकीचं उतरंडीत, बियाणं चुलीच्या वर धुरात. धूर लागला की बियाला ओल धरत नाही.

आता यातली गंमत बघा. शहरातली मोठी कंपनी 'शेल्फ लाइफ' वाढवायला प्रयोगशाळेत लाखो रुपये खर्च करते. डोंगरातल्या बाईने तेच काम उन्हाने, मिठाने, गुळाने आणि राखेने केलं. तिचा पदार्थ सह्याद्रीच्या पावसात चार महिने टिकला नसता, तर तो परंपरेत राहिलाच नसता. जो टिकला तोच पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला.

म्हणून आपला नियम असा:

जो पदार्थ पावसाळा काढतो, तो पाठवा. जो काढत नाही, त्याच्यासाठी गिऱ्हाईक डोंगरावर आणा.

एकाच घाटातले दोन पदार्थ

हा नियम समजून घ्यायला बोरघाटाचं उदाहरण पुरेसं आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाट चढायचा तर गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, म्हणून गाडी कर्जतला थांबते. त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला. गरम वडा, गाडीची खिडकी, हातोहात विक्री. तो वडा कुणी पॅक करून नागपूरच्या मावशीकडे पाठवत नाही.

घाट चढून वर गेलं की लोणावळा. तिथली चिक्की. शेंगदाणे आणि गुळाचा कडक पाक. पाक पक्का झाला की त्यात पाणी जवळजवळ राहत नाही, आणि पाणी नसलं की पदार्थ सहजासहजी नासत नाही. म्हणून चिक्की घरी नेली जाते, शेजाऱ्यांना वाटली जाते, परगावी पाठवली जाते. चिक्कीचे दोन शत्रू: एक दमट हवा, दुसरा शेंगदाण्याचा खवटपणा. हवाबंद पॅकिंग केलं की दोन्ही बरेच लांब राहतात.

वडा आणि चिक्की, दोन्ही धंदे उत्तम चालले. पण वडा विकणाऱ्याने गर्दीची जागा पकडली आणि चिक्की विकणाऱ्याने डबा पकडला. तुमचा पदार्थ वड्याच्या जातीचा की चिक्कीच्या, हे आधी ठरवा.

पहिलं फडताळ: पावसाळा काढणारे पदार्थ

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. त्याच्या आजूबाजूचा अकोले-इगतपुरीचा पट्टा म्हणजे नागली, वरई, खुरासणी आणि भाताचा मुलूख. इथल्या महादेव कोळी, ठाकर घरांमधून आणि दक्षिणेला जुन्नर, भोर, जावळी करत आजऱ्यापर्यंत गेलात तर या फडताळावर काय काय सापडतं?

१. नागलीचे पापड. नाशिककडे नागली म्हणतात, कोकण-कोल्हापुरात नाचणी. पिठाची उकड काढायची, पापड करायचे, कडक उन्हात वाळवायचे. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून शहरी गिऱ्हाइकाला नागली समजावून सांगावी लागत नाही, तो स्वतः शोधत येतो.

२. खुरासणीची चटणी. म्हणजेच कारळे. डोंगरउतारावर पिवळ्या फुलांचं हे पीक येतं. भाजलेले कारळे, लाल मिरची, लसूण, मीठ. लसूण नीट भाजून किंवा वाळवून घेतला तर चटणी चांगली टिकते. कच्चा लसूण घातलात तर त्यातल्या ओलीने आयुष्य निम्मं होतं. एवढ्याशा फरकावर तुमचा परतीचा माल ठरतो.

३. हुलग्याचं पीठ. कोकणात कुळीथ. पिठलं, माडगं, आणि जुन्नर-आंबेगावकडची शेंगोळी. शेंगोळी ताजी करायची असते, पण मसाला घातलेलं तयार पीठ पाकिटात जाऊ शकतं. पाकिटामागे कृती छापा: पाणी किती, उकळी कधी, शेंगोळी किती वेळ शिजवायच्या. शहरातल्या मुलीला आजीच्या हातची शेंगोळी हवी असते, फक्त कृती सांगणारं कुणी नसतं.

४. सुगंधी भात. अकोल्याचा काळभात, मुळशीचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ. मुळशी आंबेमोहर आणि आजरा घनसाळ या दोघांना भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. मोठ्या पोत्यातून सुटा विकलात तर तो साध्या तांदळाशी भावात भांडत बसतो. एक किलोच्या पाकिटात, गावाचं नाव आणि कापणीचं वर्ष घालून विकलात तर त्याची तुलनाच होत नाही.

५. आमसूल, फणसपोळी, करवंदाचं लोणचं. घाटाच्या पश्चिम पायथ्याला ही मंडळी. ताजं करवंद दोन दिवसांत मऊ पडतं, पण कच्च्या करवंदाचं लोणचं वर्ष काढतं. तीच जाळी, तेच फळ, फक्त तोडायची वेळ वेगळी. करवंद दोन्ही फडताळांवर बसतं ते असं.

६. मध. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मध नीट काढला, ओल कमी ठेवली, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. टिकण्याच्या बाबतीत डोंगरात याच्या वरचढ पदार्थ नाही.

या यादीत तुमच्या गावचं काहीतरी सुटलं असेल. सुटणारच. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, "आजी, तुमच्या वेळी पावसाळ्यासाठी काय काय भरून ठेवायचे?" ती जे सांगेल ते लिहून घ्या. आयता बाजार-सर्व्हे तुमच्या घरातच आहे.

दुसरं फडताळ: ज्यासाठी गिऱ्हाईक चालत येतं

आता जे टिकत नाही ते. ते कमी किमतीचं आहे असं अजिबात समजू नका. उलट जे दुसरीकडे मिळतच नाही त्याला माणूस चारशे किलोमीटर गाडी चालवत येतो.

रानभाज्या. पहिल्या सरी पडल्या की शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब. प्रत्येकीचा हंगाम दोन-चार आठवड्यांचा. यात एक गोष्ट लक्षात ठेवा: रानभाजी म्हणजे नुसती चव नाही, ज्ञान आहे. शेवळं नीट साफ केली नाहीत आणि सोबत काकडं घातली नाहीत तर घशाला खाज सुटते. त्यामुळे ओळख नसलेली भाजी, ज्ञान नसलेल्या हातांनी शिजवून गिऱ्हाइकाला वाढायची नाही. वाडीतल्या जाणत्या बाईला स्वयंपाकाची प्रमुख करा आणि तिला प्रमुखासारखेच पैसे द्या. कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. पहिल्यांदा विकून बघायला, लोकांचे चेहरे वाचायला ती चांगली जागा आहे.

मासवडी. नावात मास आहे, आत मास नाही. बेसनाच्या पारीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातली ही खासियत पुणे-नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ठळक अक्षरात दिसते. मासवडी कुरिअरने जात नाही. तिच्यासाठी गाडी थांबते.

ताजी करवंदं, जांभळं, स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत. तिला २०१० साली जीआय मिळालं. फळ इतकं नाजूक की तोडल्यापासून घड्याळ सुरू होतं.

या फडताळाचा धंदा म्हणजे जेवण, शेतातली सहल, मुक्काम. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्याखाली पर्यटन विभागाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पण सुरुवात चार खोल्या बांधून करू नका. महिन्यातले दोन रविवार, वीस माणसं, आगाऊ नोंदणी, ठरलेलं जेवण. एवढ्यावर एक हंगाम काढा. ज्यांना जेवण आवडलं ते जाताना पापड आणि चटणी घेऊन जातातच. म्हणजे दुसरं फडताळ पहिल्याची जाहिरात करतं.

दोन्ही फडताळं एकत्र चालवली तर काय होतं?

पाचगणीचं मॅप्रो बघा. १९५९ साली स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून सुरू झालेला उद्योग. विचार साधा होता: फळ टिकत नाही, मग साखरेत शिजवून टिकवू. जॅम, सरबत, क्रश बाटलीत भरून देशभर गेलं. आणि जी ताजी स्ट्रॉबेरी बाटलीत जात नाही तिचं काय? तिच्यासाठी महाबळेश्वरच्या रस्त्यावर बाग उभी केली, तिथे स्ट्रॉबेरी विथ क्रीमसाठी लोक रांग लावतात. येताना क्रीम खातात, जाताना बाटल्या नेतात.

तुम्ही म्हणाल, ते मोठे झाले, आमचं काय? अहो, आकार बाजूला ठेवा, रचना बघा. एक टिकणारा पदार्थ आणि एक न टिकणारा, दोन्ही एकाच फळातून. तुमच्याकडे नागली आहे? मग पापड पाकिटात आणि गरम नागलीची भाकरी-पिठलं अंगणात. करवंद आहे? मग लोणचं बाटलीत आणि एप्रिल-मे महिन्यात जाळीतली करवंदं स्वतः तोडायची सहल. डोक्यात रचना पक्की असली की आकार हळूहळू येतो.

आता हिशेब. इथे सगळ्यात जास्त लोक बुडतात

खालचे आकडे उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा करा, पण रकाने हेच ठेवा.

समजा १० किलो नागलीचे पापड करायचे:

- नागली १० किलो, ५० रुपये दराने: ५०० रुपये
- दळण, जिरं, तीळ, मीठ वगैरे: २५० रुपये
- सरपण किंवा गॅस: १५० रुपये
- मजुरी: चार बायका एक दिवस आणि वाळवण-राखणीला एक बाई आणखी एक दिवस, म्हणजे पाच रोज, ४०० रुपयांप्रमाणे: २००० रुपये
- वाळून तयार माल ८ किलो. त्यात १० टक्के तुटफूट गेली, उरले ७.२ किलो, म्हणजे २०० ग्रॅमची ३६ पाकिटं. पाऊच आणि लेबल १० रुपये पाकिटामागे: ३६० रुपये

एकूण ३२६० रुपये. भागिले ३६. एका पाकिटाला साधारण ९१ रुपये खर्च.

आता बहुतेक घरांत काय होतं? "बायका तर घरच्याच आहेत," म्हणून मजुरीचा रकाना कोराच राहतो. मग खर्च दिसतो १२६० रुपये, पाकिटाला ३५. पाकीट ६० रुपयांना विकलं की वाटतं, वा, २५ रुपये सुटले! ३६ पाकिटांचे ९०० रुपये हातात आले, सगळे खूश.

थांबा. ते ९०० रुपये नफा नाहीत. पाच दिवसांच्या कष्टाचे ते ९०० रुपये आहेत. म्हणजे रोज १८० रुपये. त्याच बाई दुसऱ्याच्या शेतावर गेल्या असत्या तर ४०० मिळाले असते. खरा हिशेब असा की प्रत्येक पाकिटामागे ३१ रुपये तोटा झाला आणि तो तोटा तुमच्या आईने, बायकोने, वहिनीने स्वतःच्या अंगावर घेतला. तो कुठल्याच वहीत दिसत नाही. म्हणून दोन वर्षांनी बायका कंटाळतात, "पुरे झालं आता" म्हणतात, आणि आपण म्हणतो की आमच्या गावात धंदा चालत नाही.

मग योग्य किंमत काय? दुकानदार २५ टक्के कमिशन घेतो असं धरा. पाकिटाची किंमत १५० ठेवली तर त्याचे ३७ रुपये ५० पैसे जाऊन तुमच्या हाती ११२ रुपये ५० पैसे येतात. खर्च ९१ वजा केला की उरतात २१ रुपये ५० पैसे. यातूनच प्रवास, फोन, नोंदणी, खराब माल, पुढच्या वर्षीची नागली. तुटलेल्या पापडांचा चुरा गावातच स्वस्तात विका, टाकू नका.

"१५० रुपयांना कोण घेणार सर?" घेणारा कोण आहे ते शोधणं हेच तर आपलं काम. पण ६० रुपयांना विकून कुणाचंच भलं होत नाही, हे आधी मान्य करा.

डोंगराचं नाव वापरताय? मग डोंगराशी खोटं बोलू नका

डोंगरातल्या मालाला जास्त भाव मिळतो तो विश्वासामुळे. तो विश्वास एकदा गेला की सगळ्या गावाचा जातो. चार गोष्टी पाळा.

पहिली, जीआय. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी', 'आजरा घनसाळ' ही नावं कायद्याने राखलेली आहेत. मानांकन मिळालं म्हणजे कुणीही नाव छापावं असं नाही. त्या भागातल्या उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करायची असते. तुम्ही त्या भागातले असाल तर ही नोंद जरूर करा, तुमच्या मालाचं ते ओळखपत्र आहे.

दुसरी, हंगाम. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. मग 'कारवीचा मध' दरवर्षी दुकानात कसा येतो? ज्या वर्षी जो फुलोरा, त्या वर्षी तेच नाव. यंदा जांभळाचा मध असेल तर जांभूळ लिहा. "आमच्याकडे आत्ता नाही" हे वाक्य डोंगरातल्या विक्रेत्याची सगळ्यात मोठी जाहिरात आहे.

तिसरी, दावे. "शुगर बरी होते", "हाडं जोडतात" असलं लेबलवर लिहायचं नाही. खाद्यपदार्थावर आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. नागलीत कॅल्शियम आहे हे सांगा, तेवढं पुरे. 'ऑरगॅनिक' हा शब्दसुद्धा प्रमाणपत्र हातात आल्यावरच लेबलवर जाऊ द्या.

चौथी, मूळ. बाजार समितीतून नागली आणून 'कळसूबाईची नागली' म्हणून विकणं बंद. माल कमी पडला तर कमी विका.

जिथून घेताय तिथे काहीतरी शिल्लक ठेवा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. बीजमाता म्हणून ओळख, २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री. त्यांनी जपलं काय? गावठी बियाणं. वाल, घेवडा, भात, भाज्या. धंद्याच्या नजरेने बघा: तुमचा काळभात वेगळा लागतो तो त्या बियाण्यामुळे. बियाणं गेलं तर पाकिटावरचं नाव राहील, आतली चव जाईल. म्हणून दरवर्षी विक्रीआधी बियाण्याचा वाटा बाजूला काढा. तो माल नाही, ते भांडवल आहे.

रानातल्या वस्तूंचंही तेच. शेवळं मुळासकट उपटली, मधाचं पोळं पूर्ण कापून नेलं, तर पुढच्या वर्षी काय विकणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावकऱ्यांचे हक्क मानले आहेत. हे हक्क ज्यांचे आहेत त्यांना विचारून, योग्य भाव देऊन माल घ्या. आठवडी बाजारात करवंदांची पाटी घेऊन बसलेल्या आजीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करायची आणि तेच करवंद बाटलीत भरून अडीचशेला विकायचं, हा धंदा फार दिवस चालत नाही.

कागदपत्रं: घाबरू नका, टाळूही नका

- घरी करून विकत असलात तरी अन्न सुरक्षा नोंदणी लागते. फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो. लहान उद्योगाला साधी नोंदणी, मोठ्याला परवाना. उलाढालीची मर्यादा अर्ज करताना पोर्टलवरच बघा. मिळालेला १४ आकडी क्रमांक लेबलवर छापायचा.
- लेबलवर घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती काळात वापरावं, तुमचा पत्ता आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह असू द्या. पोषणमूल्यं आणि बाकीचे नियम पोर्टलवर वाचून घ्या.
- सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० साली सुरू झाली. त्यात वैयक्तिक उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद होती. सध्या अर्ज चालू आहेत का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. आणि एक लक्षात ठेवा, अनुदान मिळेल म्हणून मशीन घेऊ नका. गिऱ्हाईक मिळालं म्हणून मशीन घ्या.

तुमचं पहिलं वर्ष

जानेवारी-फेब्रुवारी: फडताळाची यादी करा. एकच टिकणारा पदार्थ निवडा. एकच! नागली सुगीनंतर घरात आलेली असते, चांगली बघून भरून ठेवा.

मार्च: १० किलोचा एक घाणा काढा. वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा. वीस ओळखीच्या घरांत पाकीट द्या, फुकट नाही, पूर्ण किमतीला. फुकट खाणारा नेहमी "छान आहे" म्हणतो. पैसे देणारा खरं बोलतो.

एप्रिल-मे: ऊन आहे तोवर मुख्य उत्पादन. वाळवण धूळ-माश्यांपासून झाकून, जाळीत. जमलं तर गटात मिळून सोलर ड्रायर. अवकाळी सर आली तरी माल वाचतो.

जून ते सप्टेंबर: परीक्षा. बारा पाकिटं बाजूला ठेवा आणि दर महिन्याला तीन फोडा. सादळलं का? वास बदलला का? खवट लागतंय का? तारखेसह वहीत लिहा. जे पाकीट सह्याद्रीचा पावसाळा काढेल ते मुंबईच्या दुकानात सहज उभं राहील. मग प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि तीच मुदत लेबलवर टाका. याच काळात एखाद-दोन रविवारी रानभाजीचं जेवण ठेवून दुसरं फडताळ चाचपून बघा.

ऑक्टोबरपासून: दिवाळी. भेटीचे डबे, सोसायट्या, परगावी गेलेली गावची मंडळी. आपल्या डोंगराची चव जिभेवर असलेली ही मंडळीच तुमचं पहिलं हक्काचं गिऱ्हाईक.

आता काम तुमचं. आज संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसांजवळ बसा आणि पावसाळ्याच्या बेगमीची यादी काढा. त्यातला कुठला पदार्थ तुम्ही निवडला, त्याला तुमच्या गावात काय म्हणतात आणि मजुरी धरून पाकिटाला खर्च किती आला, हे तीन मुद्दे कमेंटमध्ये लिहा. मजुरीचा रकाना कोरा दिसला तर मी तिथेच विचारणार आहे, "ताईंचे पैसे कुठे गेले?"

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!